लाटा आणि जोराचा वारा: काइटसर्फिंगसाठी बोर्ड कोणता घ्यावा? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीचा. आमच्याकडून कुठलाही किनारा गाठायचा म्हणजे रात्रभराचा प्रवास ठरलेला. तरीही गेल्या काही वर्षांत परभणी, नांदेड, लातूर, संभाजीनगर इकडची बरीच मुलं-मुली रामेश्वरम किंवा गोव्याला जाऊन काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीनं बोर्डावर उभं राहून पाण्यावर पळायचा खेळ, शिकून आली. परत आल्यावर त्यांचे फोन येतात, आणि बहुतेक प्रश्न बोर्डाचे असतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. आपण वर्षातून एकदा-दोनदाच समुद्रावर जातो, त्यामुळं चुकीचा बोर्ड घेतला तर अख्खं वर्ष हातचं जातं. माझा सगळा रोख त्या एका गोष्टीवर आहे.

ट्विन-टिप आणि सर्फबोर्ड यांत फरक काय?

ट्विन-टिप दोन्ही टोकांना सारखाच असतो. डावीकडं जा नाहीतर उजवीकडं, बोर्ड वळवावा लागत नाही. पाय पट्ट्यांत अडकवलेले असतात, फिन, म्हणजे बोर्डाखालचे माशाच्या परासारखे उभे पंख, जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचे. लाटांच्या सर्फबोर्डाला मात्र नाक आणि शेपूट वेगळी असते, म्हणून त्याला डायरेक्शनल म्हणतात. तो एकाच तोंडानं पुढं जातो. दिशा बदलायची तर बोर्ड फिरवून पाय बदलावे लागतात. मागं मोठे फिन असतात आणि आत फोम असल्यानं थोडा तरंगतो.

लाटेवर ट्विन-टिप चालत नाही असं नाही. पण लाटेच्या उतारावरून खाली येऊन पुन्हा वर वळायचं म्हटलं की त्याची सरळ, कडक कडा मध्येच सुटते. तिथं सर्फबोर्डच पाहिजे.

पहिलाच बोर्ड लाटांचा घेऊ का?

नको. आधी ट्विन-टिपवर दोन्ही बाजूंना जाता आलं पाहिजे, आणि जिथून निघालात तिथंच परत येता आलं पाहिजे, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं चढता आलं पाहिजे. हे जमेपर्यंत शिकवणाऱ्यांचाच बोर्ड वापरा. त्यांच्याकडं सगळ्या मापांचे असतात. सर्फबोर्डावर पाय बदलताना काइट डोक्यावर स्थिर ठेवावा लागतो, आणि नवख्याचं सगळं लक्ष त्या वेळी पायाकडं असतं. मग काइट भलतीकडं जातो आणि माणूस ओढला जातो.

“जोराचा वारा” म्हणजे नेमका किती?

या खेळात वारा नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. १२ ते १८ नॉट हा सर्वसाधारण वारा. २२-२३ च्या पुढं जोराचा म्हणायचा. ३० नॉट म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर. जूनमध्ये मोटारसायकलवर समोरून सोसाट्याचा वारा आला की हँडल हातात थरथरतं, तसला.

एक हिशेब डोक्यात पक्का ठेवा. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. १५ चा वारा ३० झाला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. १८ नॉटवरून २५ वर गेला तरी जवळजवळ दुप्पट. आकडे बघून “सातच नॉट तर वाढले” असं वाटतं, पण हातात बार (काइट सांभाळायची दांडी) असताना ते सात नॉट काय असतात हे खांद्यांना कळतं.

मग जोराच्या वाऱ्यात बोर्ड मोठा घ्यायचा की लहान?

लहान. सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात. मोठा बोर्ड म्हणजे जास्त आधार, असं सगळ्यांना वाटतं. हलक्या वाऱ्यात ते खरंही आहे, कारण तिथं ओढ कमी असते आणि पाण्यावर यायला क्षेत्रफळ लागतं. वारा वाढला की उलटं होतं. वेगामुळंच बोर्ड पाण्याच्या वर येतो, आणि जास्तीचं क्षेत्रफळ अंगावर येतं. पाणी खडबडीत झालेलं असतं, त्यावर मोठा बोर्ड आपटत आपटत जातो, नाकाखाली वारा शिरतो आणि कडा पाण्यात टिकत नाही.

आपल्या शेतातलं सांगतो. वखर जमिनीवरून वरवर घासत जातो, नांगराचा फाळ आत रुततो. जोराच्या वाऱ्यात मोठा बोर्ड वखरासारखा वागतो. लहान बोर्डाची कडा फाळासारखी पाण्यात शिरते आणि धरून ठेवते. काइट तुम्हाला वाऱ्याच्या दिशेनं ओढत असतो, त्याला अडवणारी एवढी एक कडाच असते. ती सुटली की तुमच्या हातात काही राहत नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. वारा जास्त झाला तर आधी काइट लहान करायचा. साधारण ७५ किलोच्या माणसाला १५ नॉटमध्ये १२ चौरस मीटरचा काइट लागत असेल तर २० च्या आसपास ९ चा आणि २५ च्या पुढं ७ चा पुरतो. काइट मोठाच ठेवून नुसता बोर्ड बदलल्यानं संकट टळत नाही.

माझ्या वजनाला किती मापाचा?

ट्विन-टिपची लांबी सेंटीमीटरमध्ये सांगतात, सर्फबोर्डची फूट-इंचात. दुकानात गोंधळू नका. जोराच्या वाऱ्यासाठी माझा अंदाज असा: ६० किलोच्या आसपास वजन असेल तर ट्विन-टिप १३० ते १३२, सर्फबोर्ड ५ फूट ४ ते ५ फूट ६ इंच. ७५ किलोला १३४ ते १३६, आणि ५ फूट ६ ते ५ फूट ९. नव्वदीच्या माणसाला १३८ ते १४०, आणि ५ फूट १० ते ६ फूट.

लांबीइतकीच रुंदीही बघा. दोन बोर्ड सारख्याच लांबीचे असतील आणि एक दोन सेंटीमीटर रुंद असेल, तर रुंद बोर्ड जोराच्या वाऱ्यात पायाखाली बराच मोठा वाटतो. आणि वजन खरं सांगा. लग्नाआधीचं सांगून घेतलेला बोर्ड नंतर हलक्या वाऱ्यात बुडत राहतो.

रॉकर रॉकर म्हणतात ते काय?

बोर्ड सपाट फरशीवर ठेवा आणि बाजूनं वाकून बघा. नाक आणि शेपूट जमिनीपासून उचललेली दिसतील. तो बाक म्हणजे रॉकर. लाटांच्या बोर्डात माझ्या मते मापापेक्षाही ही गोष्ट महत्त्वाची, आणि विकणारे याबद्दल सगळ्यात कमी बोलतात.

बाक कमी असेल तर बोर्ड लवकर पाण्यावर येतो, सरळ पळतो, वाऱ्याविरुद्ध चांगला चढतो. पण उभ्या लाटेवरून खाली येताना त्याचं नाक पाण्यात घुसतं. एकदा नाक घुसलं की बोर्ड जागच्या जागी थांबतो, काइट थांबत नाही, आणि माणूस पुढं फेकला जातो. बाक जास्त असेल तर बोर्ड लाटेच्या वळणाला चिकटून खाली उतरतो आणि झटक्यात वळतो, पण सपाट पाण्यावर तो पाणी ढकलत चालतो आणि वर चढायला दमवतो.

आता आपला विचार करा. आपण जिथं जातो तिथल्या लाटा बहुतेक कमरेएवढ्या, छातीएवढ्या. दोन-तीन मीटरच्या उभ्या लाटांसाठी केलेला, केळीसारखा वाकलेला बोर्ड आपल्याला काय कामाचा? मध्यम बाकाचा घ्या. नाकाकडं थोडा जास्त, मधला भाग बऱ्यापैकी सपाट. असा बोर्ड छोट्या लाटेवर वळतो आणि परत वर चढायलाही मदत करतो.

लिटरचा आकडा बघावा का?

बोर्डावर लिटरमध्ये लिहिलेलं असतं ते त्याचं आकारमान, म्हणजे व्हॉल्यूम; तो किती तरंगेल ते त्यावरून कळतं. बघा, पण त्यात फार अडकू नका. हातानं वल्हवत लाट पकडणाऱ्याला व्हॉल्यूम लागतं. आपल्याला काइट ओढतो. ७५ किलोच्या माणसाला जोराच्या वाऱ्यात २२ ते २७ लिटर भरपूर झाले.

कडा आणि शेपूट कशी असावी?

कडेला रेल म्हणतात. पातळ रेल पाण्यात पटकन रुतते, जाड रेल चुका माफ करते पण वेगात तरंगते. जोराच्या वाऱ्यासाठी पातळीकडं झुकणारी घ्या. शेपटीचं म्हणाल तर निमुळती किंवा गोल शेपूट वेगात पाणी धरून ठेवते. चौकोनी शेपूट छोट्या, मऊ लाटेवर चपळ वाटते. एकच बोर्ड घ्यायचा असेल तर मी गोल शेपटीचा सांगेन.

फिन तीन की चार?

तीन फिनचा बोर्ड लाटेच्या कुशीत जागेवर वळतो आणि त्याचं वागणं ओळखीचं राहतं. चार फिनचा वेगात सरळ धरून पळतो. बऱ्याच बोर्डांना पाच खाचे असतात, त्यात दोन्ही करून बघता येतं. सुरुवात तीननं करा. फिन बसवायच्या पद्धतींत एफसीएस आणि फ्युचर्स या दोन नेहमी दिसतात, आणि एकाचे फिन दुसऱ्याला बसत नाहीत. फिनचा एक जादा संच आणि घट्ट करायची छोटी किल्ली बॅगेत ठेवाच. रामेश्वरमच्या उथळ पाण्यात वाळूवर फिन घासून तुटला तर तो गावात मिळणार नाही.

ओळखीच्यांकडं साधा सर्फबोर्ड स्वस्तात मिळतोय, चालेल?

एक-दोन दिवस चालेल. साधा सर्फबोर्ड हलका आणि नाजूक असतो, कारण त्यावर माणूस पोटावर झोपून जातो आणि मग उभा राहतो. काइटवर तुम्ही सगळा वेळ टाचांवर जोर देऊन उभे असता, आणि उडी मारून खाली आलात तर पूर्ण वजन दोन टाचांवर येतं. चार दिवसांत टाचेच्या जागी भाकरीवर अंगठा दाबल्यासारखे खळगे पडतात. पुढं त्याच खळग्यांतून तडा जातो. काइटसाठी केलेल्या बोर्डात फोमच्या वर जादा फायबरचे थर असतात, कधी बांबू किंवा लाकडाचा पातळ पापुद्रा असतो. तो वजनाला थोडा जास्त भरतो, आणि जोराच्या वाऱ्यात ते जादा वजन चांगलंच. बोर्ड कमी फडफडतो.

पायाला पट्टे लावावेत का?

सपाट पाण्यावर उड्या मारायच्या तर हो. लाटांसाठी मी पट्ट्यांशिवायच सांगेन, कारण लाटेवर पाय सतत पुढं-मागं सरकवावे लागतात. पाय घसरू नये म्हणून मेण लावतात किंवा रबरासारखी मऊ चटई चिकटवलेली असते. चटई बरी. आपल्याकडच्या उन्हात मेण वितळून बॅगभर पसरतं. ज्यांना पूर्ण मोकळ्या पायांची भीती वाटते त्यांनी फक्त पुढचा एक पट्टा लावावा.

बोर्ड वाहून जाऊ नये म्हणून तो पायाला दोरीनं बांधू का?

नाही. साध्या सर्फिंगमध्ये बांधतात ते बघून लोक इथंही बांधतात. काइट तुम्हाला ओढत असतो, बोर्ड पाण्यात अडकलेला असतो, मधली दोरी रबरासारखी ताणली जाते आणि मग बोर्ड तुमच्याच डोक्याकडं सुसाट येतो. फिनसकट. बोर्ड सुटला तर अंगानंच पाण्यातून तिरकं ओढत त्याच्याकडं जायचं असतं, आणि ते शिकल्याशिवाय लाटांत उतरायचंच नाही.

काइटची सुरक्षा दोरी ही वेगळी गोष्ट. ती कमरेच्या हार्नेसला (काइटची ओढ झेलणाऱ्या रुंद पट्ट्याला) जोडलेलीच पाहिजे. लाल झटका-कुलूप (संकटात काइट सोडून द्यायची कळ) ओढलं की काइटची ताकद जाते आणि तो त्या एका दोरीवर लोंबकळत राहतो. दर वेळी पाण्यात जाण्याआधी ते कुलूप एकदा उघडून बघा. वाळूचे कण अडकून ते घट्ट होतं. हेल्मेट आणि छातीला जाड जॅकेट हे तर आलंच.

ऑलिम्पिकमध्ये बोर्ड पाण्याच्या वरून उडताना दिसला, तो घेऊ का?

तो फॉइल बोर्ड. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये काइटचा प्रकार पहिल्यांदा आला, शर्यती मार्सेलला झाल्या. खाली लांब दांडा आणि पंख असतो. हलक्या वाऱ्यात त्याला तोड नाही, पण जोराचा वारा आणि फुटणाऱ्या लाटा यांसाठी नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याला जवळ पडतील अशा लाटा आहेत तरी कुठं?

गोव्यात मांद्रे-मोरजीच्या बाजूला हिवाळ्यापासून मेपर्यंत दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो. तो बहुतेक मवाळ असतो, तिथं मोठा काइट आणि ट्विन-टिप लागतो. रामेश्वरमला एका बाजूला पाल्कची सामुद्रधुनी, दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत दक्षिणेकडचा आणि डिसेंबरनंतर ईशान्येचा, असा दोन हंगामांत वारा मिळतो. पाणी बरंचसं सपाट आणि उथळ. लाट बघायची तर मोकळ्या समुद्राच्या बाजूला, तीही लहान. श्रीलंकेतल्या कल्पितियाला मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा दमदार वारा, आत खाडीत सपाट पाणी आणि बाहेर समुद्रावर लाट, असं दोन्ही एका जागी मिळतं. जोराच्या वाऱ्याचा खरा सराव मला तिथंच झाला.

म्हणून मी म्हणतो, आपल्या वाट्याला बारापैकी नऊ दिवस सपाट किंवा खडबडीत पाणी येणार. सगळ्यात मोठ्या दिवसाचं स्वप्न बघून बोर्ड घेऊ नका, नेहमीच्या दिवसाला घ्या.

कोकणात पावसाळ्यात वारा आणि लाटा दोन्ही असतात, हे खरं. पण १ जूनपासून तिथल्या यांत्रिक होड्यासुद्धा मासेमारीला जात नाहीत. जन्म समुद्रात गेलेली माणसं होड्या वर ओढून ठेवतात, तिथं आपण उतरू नये.

नाथसागरात का नाही?

हा प्रश्न दर महिन्याला येतो. पैठणला बांधावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही, वारा सुटलेला असतो, मोह होतो. पण जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं दूरदेशीचे पक्षी उतरतात. वीस-बावीस मीटरच्या चार ताणलेल्या दोऱ्या त्यांच्या थव्यातून फिरवायच्या, ही कल्पनाच मला सहन होत नाही. पाण्यात मासेमारीची जाळी असतात, काठाला गुडघाभर गाळ. शिवाय जमिनीवरून येणारा वारा झोतांनी येतो, एकसारखा नाही. २० चा वारा क्षणभर २८ झाला तर ओढ दुप्पट होते, हे वर सांगितलंच आहे.

संक्रांतीला लहानपणापासून पतंग उडवतोय, त्याचा काही उपयोग होतो का?

खूप होतो. वारा कुठून येतोय हे मान न वळवता कळणं, खेच आणि ढील यांची जाण, ही शहरातून आलेल्या मुलांना आठवडा लावते. तुमच्या हातात ती आधीच असते. एकच सवय तोडायची: दोरी बोटाला गुंडाळायची नाही, हातात धरायची नाही. मांज्यानं बोट चिरतं, काइटच्या दोरीनं बोट जाऊ शकतं.

दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा छोटा काइट घेऊन माळरानावर सराव करा. बीड-धाराशिवकडच्या बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, जून-जुलैत तिथं वारा असतोच. फक्त विजेच्या तारा, पवनचक्की आणि रस्ता यांपासून चांगलं लांब, आणि आभाळ भरून आलं की लगेच गुंडाळायचं. वीज आणि ओल्या दोऱ्या यांची गाठ पडू देऊ नका.

पोहणं विहिरीत शिकलोय. चालेल ना?

आम्ही सगळे तसंच शिकलो, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. विहिरीत दम टिकतो, भीती जाते. पण विहिरीचं पाणी कुठं नेत नाही, समुद्राचं नेतं. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडं वाहत असेल तर कितीही चांगला बोर्ड असला तरी उतरू नका. किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडं येणारा वारा आपला.

बोर्ड न्यायचा कसा?

ओखा-रामेश्वरम ही आठवड्याची गाडी हिंगोली, पूर्णा, नांदेडमार्गे जाते. आपल्या दारातून सरळ रामेश्वरम. ट्विन-टिप बर्थखाली जातो. ५ फूट ८ इंचाचा सर्फबोर्ड मी फिन काढून, जुन्या वाकळेत गुंडाळून वरच्या बर्थवर अंगाशी घेऊन झोपतो. विमानानं जायचं तर लांब सामानाचे नियम तिकिटाआधी विचारा.

उन्हाळ्यात घरी ठेवायचा कुठं?

याचं उत्तर मी स्वतःच्या बोर्डावर शिकलो. एप्रिलमध्ये परत आलो आणि बोर्ड पत्र्याच्या खोलीत आढ्याला टांगला. परभणीचा मे, ४३-४४ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. जूनमध्ये बॅग उघडली तर टाचेच्या जागेपुढं तळहाताएवढा फुगा आलेला. बोटानं दाबला की पापडासारखा कुरकुरायचा. आतला फोम तापून हवा सुटली होती आणि वरचा फायबरचा थर सुटला होता. दुरुस्त करून घेतला, पण ती जागा कायमची मऊ राहिली.

तेव्हापासून बोर्ड स्लॅबच्या घरात, खालच्या मजल्यावर, कॉटखाली. काही बोर्डांना हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो, तो घरी ठेवताना आणि विमानात ढिला करा, पण पाण्यात जाण्याआधी आवळायला विसरलात तर फोम पाणी पितो. गाडीच्या डिकीत भर दुपारी बोर्ड सोडून जेवायला जाऊ नका.

जुना बोर्ड घेताना काय बघू?

उन्हात न्या आणि तिरका धरा, खळगे आणि केसासारखे तडे दिसतील. मग बोटाच्या पेरानं टकटक करत नाकापासून शेपटीपर्यंत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, थर सुटलेला असेल तिथं पोकळ येतो, पिकलेल्या कलिंगडावर वाजवल्यासारखा. फिनच्या खाचांभोवती विशेष बघा, तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो. शेवटी वजन करा. त्याच बनावटीच्या नव्या बोर्डापेक्षा अर्धा-पाऊण किलो जड भरला तर आत पाणी आहे, तिथंच ठेवून या. ट्विन-टिप असेल तर दोन्ही टोकं धरून हळू वाकवा. कटकट आवाज आला तर आतलं लाकूड फुटलंय. पट्ट्यांचे सगळे स्क्रू खोलून परत बसवून बघा. एकाचा जरी आटा गेलेला असला तरी भाव कमी करायला सांगायचा.